माती तपासतो, मग ताट का नाही?

खत टाकण्यापूर्वी मातीचा नमुना तपासून घ्यावा, हे आपल्या खानापूर-बेळगाव भागातल्या शेतकऱ्याला आता नव्याने सांगायला नको. दुभत्या म्हशीला पेंड किती घालायची, ते आपण तिचे दूध पाहून ठरवतो. गाभण असेल तर वेगळे, भाकड असेल तर वेगळे. पण घरातली गरोदर सून, खोकून झिजलेला बाप आणि साखरेचा आजार असलेली आई या तिघांच्या ताटात मात्र आपण एकच भात आणि एकच आमटी वाढतो. गुरांचा हिशेब ठेवणारे आपण माणसांचा का ठेवत नाही?

आमच्या घरी घडलेली गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी काकूंना मधुमेह निघाला. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि एवढेच सांगितले, "भात बंद, गोड बंद." काकूंनी ते अक्षरशः पाळले. भात सोडला, पण त्याच्या जागी काय खायचे, हे कोणी सांगितलेच नव्हते. एके दिवशी सकाळी गोळी आणि कोरा चहा घेऊन त्या रोप लावणीला गेल्या. अकराच्या सुमारास हातपाय थरथरू लागले, दरदरून घाम सुटला आणि त्या बांधावर बसल्या त्या उठेनात. शुद्धीवर होत्या, म्हणून गूळपाणी पाजता आले आणि निभावले. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन माणूस उपाशी राहिला, तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली जाते, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

पुढे शहरातल्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ बाईंची भेट झाली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काकू, काल उठल्यापासून निजेपर्यंत काय काय खाल्लंत?" अर्धा तास त्यांनी ऐकून घेतले. भात बंद केला नाही, एक वाटीवर आणला. निम्मे ताट भाजीचे, शेजारी वाटीभर उसळ, सकाळी गोळीच्या वेळेला नाचणीची भाकरी, आणि शेतात जाताना एक भाकरी फडक्यात बांधून न्यायची. गोळीत त्यांनी स्वतः बदल केला नाही. डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली आणि डॉक्टरांनी मात्रा कमी केली. आहारतज्ज्ञाचे काम ते हेच. औषध डॉक्टरांचे, पण ते औषध ज्या ताटाच्या आधाराने चालते, त्या ताटाची मोजदाद यांची.

कोणी म्हणेल, हे श्रीमंतांचे लाड आहेत. तसे नाही. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात क्षयरोग्यांच्या कुटुंबांवर एक मोठा अभ्यास झाला. आपल्याच कर्नाटकातील मंगळूरचे डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी तो केला. सर्व रोग्यांना औषधाबरोबर शिधा मिळाला. निम्म्या घरांत रोग्याच्या बरोबर राहणाऱ्यांनाही दर माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या देण्यात आल्या. २०२३ साली निकाल प्रसिद्ध झाला. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले. यात कुठली महाग लस नव्हती, मोजून दिलेले डाळ-तांदूळ होते. अन्न हे आजार अडवू शकते, पण कोणाला, किती आणि काय, हे मोजणारा माणूस हवा.

"आमच्या आजीला कोण आहारतज्ज्ञ होता?" हा प्रश्न मी गावात पुष्कळदा ऐकतो. प्रश्न रास्त आहे. पण आजीच्या वेळी वरकस रानात नाचणी होती, भात कापल्यावर मसूर-वाटाणा होता, घरात कुळथाचे पिठले होते. आज आपण नाचणी सोडली, रेशनचा तांदूळ दोन्ही वेळा खातो आणि मधल्या वेळी साखरेचा चहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच तांदळात ते दहाच्या आत असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५७ जणी रक्तक्षयी आढळल्या. जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातले लोह अंगी कमी लागते आणि लिंबू पिळले की जास्त लागते. एवढी साधी गोष्टही कोणीतरी घरात येऊन सांगावी लागते.

आहारतज्ज्ञांनाही एक विनंती. छापील कागदावर ओट्स आणि ब्रोकोली लिहून देऊ नका. आमच्या परसात शेवगा आहे, शेतात पावटा आहे, बाजारात सुकी मासळी आहे. तिथून सुरुवात करा. वाचकांनीही सावध असावे. पावडरचे डबे विकणारा प्रत्येक जण आहारतज्ज्ञ नव्हे. २०२१ साली संसदेने आरोग्यसेवेतील संलग्न व्यवसायांसाठी कायदा केला, त्यात आहारतज्ज्ञांचाही समावेश आहे. तेव्हा सल्ला घेताना शिक्षण विचारायला लाजू नये.

माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रत्येक तालुका रुग्णालयात आठवड्यातून निदान दोन दिवस, मराठी व कन्नड बोलणारा आहारतज्ज्ञ बसला पाहिजे. रस्ता आणि वीज मागायला आपण अर्ज घेऊन जातो, तसा याचाही अर्ज घेऊन गेले पाहिजे. धर्मग्रामात आरोग्य शिबिर भरते, तेव्हा रक्तदाब तपासणाऱ्याच्या शेजारी एक खुर्ची आहारतज्ज्ञासाठी मांडावी. आपल्या विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींनी या शिक्षणाकडे वळावे.

ते होईपर्यंत एक काम आजच करता येईल. घरात कोणी मधुमेहाची गोळी घेत असेल, तर त्याने तीन दिवसांचे खाणे वहीत लिहावे आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी. उपवासकाळात उपास धरण्याआधी त्यांना विचारावे. आजाऱ्यावर उपवासाचे बंधन नाही.

काकू यंदाही लावणीला गेल्या. फडक्यात भाकरी होती.