ज्यांना हाकललं, तेही चित्रात

पॉवेल्स वेट्स या डच चित्रकाराने १६२१ साली रंगवलेलं डॉर्टच्या धर्मसभेचं चित्र त्याच शहरातल्या, म्हणजे डॉर्ड्रेख्तच्या, संग्रहालयात आहे. बाकांवर प्रोटेस्टंट धर्मपंडितांच्या रांगा आणि दालनाच्या मध्यभागी टेबलापाशी त्यांचे विरोधक, रेमॉन्स्ट्रंट. दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या जात आहेत, असंच पाहणाऱ्याला वाटेल.

तसं घडलं नव्हतं.

कोणाला तारायचं हे ईश्वराने माणसाची श्रद्धा न पाहताच आधी ठरवलेलं असतं का, या प्रश्नावरून लायडन विद्यापीठातल्या आर्मिनियस आणि गोमारुस या दोन प्राध्यापकांत जुंपली होती. आर्मिनियसच्या मृत्यूनंतर, १६१० मध्ये, त्याच्या अनुयायांनी, म्हणजेच रेमॉन्स्ट्रंटांनी, पाच कलमांचं निवेदन दिलं. पुढे वादात सत्तेचं राजकारण शिरलं. सेनापती मॉरिस गोमारुसच्या बाजूला, ज्येष्ठ मुत्सद्दी ओल्डनबार्नेवेल्ट रेमॉन्स्ट्रंटांच्या.

१३ नोव्हेंबर १६१८ रोजी सभा भरली. इंग्लंड, स्वित्झर्लंड आणि जर्मन राज्यांतून प्रतिनिधी आले. फ्रान्सच्या राजाने आपल्या प्रोटेस्टंटांना येऊच दिलं नाही. डिसेंबरात रेमॉन्स्ट्रंटांचा नेता एपिस्कोपिउस आणि त्याच्या सहकाऱ्यांना बोलावलं गेलं, पण सभासद म्हणून नव्हे, जाब द्यायला. मांडणी कोणत्या क्रमाने करायची यावरच खटके उडाले आणि १४ जानेवारी १६१९ रोजी अध्यक्ष बोगरमनने त्यांना संतापून बाहेर काढलं. सभा मात्र मे महिन्यापर्यंत चालली. निवाडा झाला तो त्यांच्या लिखाणावरून, त्यांच्या गैरहजेरीत. १३ मे रोजी हेगमध्ये एकाहत्तर वर्षांच्या ओल्डनबार्नेवेल्टचा शिरच्छेद झाला, आणि सुमारे २०० धर्मोपदेशकांची पदं गेली.

हे सगळं उरकल्यानंतर दोन वर्षांनी चित्र रंगलं, तरी त्यात विरोधक अजून जागेवरच आहेत! जिंकलेल्या बाजूला आपली सभा अशीच आठवायला आवडली असणार. ज्या इमारतीत ती भरली, ती १८५७ मध्ये पाडली गेली. त्यामुळे अशा चित्रांनाच आता साक्षीदाराचा मान मिळतो.

सभेचं श्रेय नाकारण्याचं कारण नाही. तिनेच ठरवलेलं बायबलचं डच भाषांतर १६३७ मध्ये छापून आलं आणि त्या भाषेला त्याने वळण लावलं. पण हे चित्र कुठेही छापताना त्याखाली १४ जानेवारीची हकीकत यायलाच हवी. हाकललेल्यांनी १६१९ मध्येच अँटवर्पला आपला बंधुसंघ उभारला आणि नेदरलँड्समध्ये तो आजही नांदतो. त्यांची बाजू सांगायला कोणी उरलं नाही, ही सबब कोणालाच देता येणार नाही.