रिंग खाली आणा म्हणे!

तुमच्या गावातल्या हायस्कूलच्या मैदानात एखादा लोखंडी खांब असेल. त्यावर रंग उडालेली फळी आणि जाळी कधीच तुटून गेलेली गोल रिंग. बास्केटबॉलची ती रिंग जमिनीपासून दहा फुटांवर असते. मुलांना दहा, मुलींनाही दहाच. २०१२ साली अमेरिकेत कनेटिकट विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांनी सुचवलं, की मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये ही रिंग साधारण सात इंच खाली आणावी. हे गृहस्थ कुणी ऐरेगैरे नव्हेत. २०२५ पर्यंत त्यांच्या संघानं बारा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलंय. त्यांचं म्हणणं सरळ होतं. रिंगेच्या अगदी जवळून मारलेले मुलींचे नेम चुकतात, चेंडू आपटून बाहेर येतो, प्रेक्षकाला मजा येत नाही. व्हॉलीबॉलमध्ये बायकांची नेट खाली असते ना? मग इथंच सोवळं कशाला?

म्हटलं तर बिनतोड. आपल्या कबड्डीतही पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर आणि महिलांचं १२ बाय ८. पुरुषांचा डाव वीस मिनिटांचा, महिलांचा पंधरा. त्यात कुणा मुलीला कमीपणा वाटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तरीही ही सूचना पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली होती, आणि ती अजून गेलेली नाही. आता या विषयाशी माझा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. माझी भाची नोकरीनिमित्त तिकडे आयोवा राज्यात असते. तिच्या फोनवरच्या गप्पांतून मला या खेळाचा नाद लागला, आणि मग मी मिळेल ते वाचत गेले. वाचता वाचता लक्षात आलं, की या खेळाचे नियम बायकांसाठी बदलण्याचा उद्योग खेळ जन्मल्यापासूनच चालू आहे.

जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला. फळांच्या टोपल्या टांगून. पुढच्याच वर्षी जवळच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं तो मुलींना शिकवला. पण मुलींना धाप लागेल, त्या हातघाईवर येतील, म्हणून तिनं नियम वेगळे केले. मैदानाचे तीन भाग. जिनं तिनं आपापल्या भागातच राहायचं. दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावायचा नाही. तीन सेकंदांच्या वर हातात धरायचा नाही. मार्च १८९३ मध्ये कॉलेजात सामना झाला तेव्हा पुरुष प्रेक्षकांना दार बंद! आज हसू येतं. पण त्या काळात मुलींनी पळावं हेच अनेकांना पसंत नव्हतं. बेरेन्सनबाईंनी कुंपण घालून का होईना, मुलींना मैदानात आणलं. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

कुंपण मात्र एकदा पडलं की पडलं. ते काढायला पाऊणशे वर्षं लागली. कॉलेजच्या मुलींना पाच जणींचा, सगळं मैदान मोकळं असलेला खेळ १९७१ मध्ये मिळाला. आयोवाच्या शाळांमध्ये तर सहा जणींचा जुना खेळ १९९३ पर्यंत चालू होता. मैदानाच्या मधोमध रेघ. तीन मुली एका बाजूला, त्यांनी फक्त बास्केट करायचे. तीन दुसऱ्या बाजूला, त्यांनी फक्त अडवायचं. रेघ ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच आपटायचा. म्हणजे एखादी मुलगी चार वर्षं शाळेच्या संघात खेळली, राज्याच्या स्पर्धेत गेली, घरी पदक आणलं, आणि सामन्यात एकदाही रिंगेकडे चेंडू टाकला नाही, असं सहज घडायचं. पंगतीत सगळ्यांना वाढून स्वतः ताटावर न बसणारी बाई आपण ओळखतोच की.

पण थांबा, याचीही दुसरी बाजू आहे, आणि ती मला फार आवडते. १९२५ मध्ये आयोवातल्या मोठ्या शाळांच्या मंडळींनी ठरवलं, की मुलींच्या चढाओढीच्या स्पर्धा बऱ्या नव्हेत, बंद करा. छोट्या गावांतल्या शाळा म्हणाल्या, आम्ही नाही बंद करणार. त्यांनी मुलींसाठी आपली वेगळी संघटना काढली. शहरं मागं राहिली आणि शेतकऱ्यांच्या मुली खेळत राहिल्या. १९६८ च्या राज्य अंतिम सामन्यात युनियन-व्हिटन शाळेच्या डेनिस लाँगनं ६४ गुण केले आणि समोरच्या एव्हर्ली शाळेच्या जीनेट ओल्सननं ७६. जादा वेळेत ११३-१०७ असा सामना युनियन-व्हिटननं जिंकला. त्या गावांमध्ये मुलींचा सामना म्हणजे जत्राच असायची. तेव्हा वेगळे नियम म्हणजे नेहमी अन्यायच, असं मी म्हणणार नाही. अर्ध्या मैदानातही त्या मुलींनी गावं वेडी केली.

अन्याय कुठं होता, ते टेनेसी राज्यातल्या एका मुलीनं नेमकं दाखवलं. तिथंही सहा जणींचाच खेळ, आणि ही अडवणाऱ्यांतली. १९७६ मध्ये तिनं कोर्टात धाव घेतली. तिची तक्रार अशी, की मला नेम मारायलाच मिळत नाही, मग माझा खेळ बघून कॉलेज मला शिष्यवृत्ती देईल कशी? खालच्या कोर्टानं तिची बाजू घेतली, वरच्या कोर्टानं १९७७ मध्ये तो निकाल फिरवला. पण काही वर्षांतच टेनेसीनं नियम बदलला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मैदानावरची एक रेघ. तिच्यामुळे कुणाची फी भरली जाणार आणि कुणाची नाही, हे ठरत होतं.

म्हणून नव्या नियमाची चर्चा निघाली, की मी एकच विचारते. यानं खेळणाऱ्या मुलीच्या पदरात काही पडतं का? १९८४ च्या हंगामापासून मुलींचा चेंडू घेरानं इंचभर लहान केला. हातात नीट बसू लागला, फेकायला सोपा झाला. छान. पुरुषांच्या कॉलेज खेळात चेंडू टाकायला सेकंदांची मुदत १९८५ मध्ये आली. मुलींकडे तीस सेकंदांची मुदत त्याच्या कितीतरी आधीपासून होती. २०१५ पासून मुलींचा सामना दहा-दहा मिनिटांच्या चार भागांत खेळतात. प्रत्येक भागात फाउलांची मोजणी नव्यानं सुरू होते, त्यामुळे खेळ सारखा अडत नाही. पुरुष अजून वीस-वीस मिनिटांचे दोन भाग खेळत होते, पण २०२५ मध्ये त्यांच्या नियम समितीनंच सांगितलं, की आता चार भागांकडे कल वाढतोय. घ्या! सुधारणा करायच्या त्या नेहमी बायकांच्याच खेळात, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर वाचावं.

रिंग खाली आणली तर मुलीला काय मिळणार? चार नेम जास्त लागतील, हे खरं. पण गावोगावच्या शाळांत, बागांत, घरामागच्या अंगणात रिंग दहा फुटांवर आहे. सहावीतली पोर भावासोबत त्याच रिंगेवर खेळते. उद्या तिच्यासाठी वेगळी रिंग बसवायची झाली तर पैसे कोण देणार? आणि नाही बसवली, तर भाऊ खेळतो तिथं हिनं खेळायचंच नाही का? चेंडू काखेत घेऊन जाता येतो, रिंग कशी नेणार? शिवाय चेंडू लहान केला तो मुलीच्या हाताकडे बघून, आणि रिंग खाली आणायची ती प्रेक्षकाच्या जांभईकडे बघून. ती सूचना पुढे बारगळली, बरंच झालं.

जांभईचं औषध दुसरीकडेच होतं. ७ एप्रिल २०२४ ला क्लीव्हलँडमध्ये साउथ कॅरोलिना आणि आयोवा यांच्यात मुलींचा अंतिम सामना झाला. टीव्हीवर तो सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. पुरुषांचा अंतिम सामना पाहणारे होते १ कोटी ४८ लाख. असं पहिल्यांदाच घडलं, आणि रिंग दहा फुटांवरच होती. आयोवाच्या केटलिन क्लार्कनं त्या हंगामात पुरुष आणि महिला मिळून कॉलेजच्या पहिल्या श्रेणीतला सर्वाधिक गुणांचा विक्रम केला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोवाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये तिच्या संघाचा नुसता सरावाचा सामना ठेवला होता, तर ५५,६४६ माणसं आली. भाची म्हणाली, "मावशी, इथल्या म्हाताऱ्या बायका मॅच बघताना रडतात गं." सहा जणींचा खेळ खेळलेल्या पिढीतल्या असतील त्या.

२०२५ चा अंतिम सामना पाहणारे मात्र ८५ लाखांवर आले. क्लार्क कॉलेज सोडून गेली होती. एका मुलीच्या खांद्यावर सगळा डोलारा उभा करू नये, हेही खरंच. पण ८५ लाख म्हणजेसुद्धा काही थोडे नव्हेत.

मग इतकी वर्षं हे कुणाला दिसलं कसं नाही? कारण हा माल कुणी वेगळा विकायलाच काढला नव्हता. भाजीवाल्याकडे कशी, दोन किलो भाजी घेतली की मूठभर कोथिंबीर वर टाकून मिळते. एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची तिकडची मोठी संस्था, मुलींच्या स्पर्धेचे टीव्ही हक्क इतर दोन डझनांहून जास्त खेळांबरोबर एकाच गठ्ठ्यात विकायची. २०२१ मध्ये ओरेगनच्या संघातल्या एका मुलीनं मोबाइलवर व्हिडिओ टाकला. मुलांना भली मोठी व्यायामशाळा, आणि मुलींना डंबेल्सची एक मांडणी नि थोड्या सतरंज्या. गहजब झाला, चौकशी बसली. अहवाल आला, की मुलींची स्पर्धा स्वतंत्र विकली तर तिच्या हक्कांची किंमत २०२५ मध्ये वर्षाला ८ ते ११ कोटी डॉलर होऊ शकते. 'मार्च मॅडनेस' हे स्पर्धेचं प्रसिद्ध नाव वापरायची परवानगीसुद्धा मुलींना २०२२ मध्ये मिळाली. तोवर ते नाव फक्त मुलांचं!

आणि एवढं झाल्यावर जानेवारी २०२४ मध्ये नवा करार केला तो पुन्हा गठ्ठ्यातच. चाळीस स्पर्धा, आठ वर्षं, ९२ कोटी डॉलर. त्यात मुलींच्या बास्केटबॉलची किंमत वर्षाला साडेसहा कोटी धरली. पुरुषांच्या स्पर्धेचा चालू करार वर्षाला सरासरी ११० कोटींचा आहे. कोथिंबिरीला भाव आल्याचं दिसत असूनही ती भाजीवर टाकायची सवय काही जात नाही.

जून २०२५ मध्ये तिथल्या कोर्टानं एक मोठी तडजोड मंजूर केली. विद्यापीठांनी आता खेळाडूंना थेट पैसे द्यायचे, पहिल्या वर्षी एका विद्यापीठानं जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर. शिवाय मागची भरपाई म्हणून २८० कोटींच्या आसपास. या भरपाईतले जवळजवळ ९० टक्के फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलला, मुलींच्या बास्केटबॉलला पाच. का? तर त्यांच्या खेळानं पैसा मिळवला नाही! विकलाच नव्हता, तर मिळवणार कुठून? शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करू नये हा कायदा तिकडे १९७२ पासून आहे, टायटल नाइन म्हणतात त्याला. त्याच्या आधारे आठ खेळाडू मुलींनी त्याच महिन्यात अपील केलं. मला विचाराल तर रिंगेच्या उंचीपेक्षा हा नियम मोठा. टेनेसीतल्या मैदानावरची रेघ आता हिशेबाच्या वहीत आलीय, एवढाच फरक.

एक गोष्ट चांगली झाली. राष्ट्रीय स्पर्धेत संघ जितका पुढे जाईल तितके पैसे त्याच्या गटाला द्यायचे, ही पद्धत मुलांमध्ये १९९१ पासून होती. मुलींसाठी ती २०२५ मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी सगळ्यांत मिळून दीड कोटी डॉलर, मग दोन, तिसऱ्या वर्षी अडीच. म्हणजे मुलींचा संघ नीट उभा करणं हा आता विद्यापीठाला तोट्याचा व्यवहार वाटायचं कारण नाही.

टीव्हीचा तो आठ वर्षांचा करार २०३२ मध्ये संपेल. आज तिकडे सातवी-आठवीत असलेली मुलगी तेव्हा कॉलेजच्या संघात असेल. त्या वेळी मुलींची स्पर्धा गठ्ठ्यातून बाहेर काढून स्वतंत्र विकावी, आणि भाव ठरवायच्या बैठकीत खेळणाऱ्या चार मुलींनाही खुर्ची द्यावी.