रक्त आधी, औषध नंतर

मांजर आजारी आहे, हे घरच्यांना बहुधा उशिरा कळते. ते कण्हत नाही. कपाटाखालच्या अंधाऱ्या जागी जाऊन बसते आणि वाटीतील अन्न तसेच राहते. ‘रुसले असेल’ म्हणून दोन दिवस निघून जातात. गोचिडीमुळे होणाऱ्या जिवाणूंच्या आजारात नेमके हेच दोन दिवस मोलाचे असतात.

अमेरिकेच्या ईशान्य भागातील पशुवैद्यांना ही गोष्ट चांगली परिचित आहे. कनेक्टिकट राज्यातील लाइम या गावाचे नाव ज्या रोगाला मिळाले, तो पसरविणारी काळ्या पायांची गोचीड ‘अ‍ॅनाप्लाझ्मा’ नावाचा आणखी एक जिवाणू वाहून नेते. हा जिवाणू रक्तातील पांढऱ्या पेशींत शिरून तेथेच वाढतो. ताप, मरगळ आणि अन्नावरची वासना उडणे एवढीच लक्षणे मांजरात दिसतात, आणि ती इतर अनेक आजारांतही दिसतात. शिवाय मांजर सतत अंग चाटत असल्याने चिकटलेली गोचीड पुष्कळदा नजरेस पडण्यापूर्वीच निघून जाते. म्हणून ‘गोचीड दिसली नाही, अर्थात चावली नाही’ हा निष्कर्ष फसवा ठरतो.

निदानाचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला, रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. पांढऱ्या पेशीत जिवाणूंचा पुंजका दिसला तर संशय बळावतो. न दिसला तर मात्र रोग नाही असे म्हणता येत नाही. दुसरा, प्रतिपिंडांची तपासणी. ही जुन्या खतावणीसारखी असते: कधीतरी व्यवहार झाला होता एवढे ती सांगते, आज बाकी आहे की नाही ते सांगत नाही. उलट, आजाराच्या पहिल्या दिवसांत प्रतिपिंडे तयारच झालेली नसतात, तेव्हा ती कोरीही येऊ शकते. तिसरा मार्ग पीसीआर तपासणीचा. रक्तात जिवाणूचा जनुकीय अंश आज आहे काय, हे ती शोधते.

या तिसऱ्या तपासणीला एक अट आहे. प्रतिजैविक सुरू झाल्यावर जिवाणू झपाट्याने घटतात आणि अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. घरात उरलेली गोळी मांजराला देऊन मग दवाखाना गाठणारे कुटुंब नकळत पुरावाच पुसून टाकते. म्हणून रक्त आधी, औषध नंतर. प्रकृती गंभीर असेल तर पशुवैद्य नमुना घेऊन, अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करतात. डॉक्सिसायक्लिन हे त्यावरचे नेहमीचे औषध. त्याची कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते. म्हणून गोळीमागून थोडे पाणी किंवा अन्न देणे आवश्यक.

घरच्यांनी करावयाचे काम साधे आहे. खाणे कधी सुटले, मांजर बाहेर कोठे फिरले, याची तारीखवार नोंद ठेवावी. गोचीड आढळल्यास बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि लहान बाटलीत घालून पशुवैद्यांना दाखवावी. रॉकेल, तेल किंवा चटका यांचा उपयोग करू नये. तापावर माणसांची पॅरासिटामॉल गोळी कदापि देऊ नये. ती मांजरासाठी विष आहे. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषधही मांजराच्या जिवावर बेतते.

महाराष्ट्रात काळ्या पायांची ती गोचीड नसली, तरी कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड घरोघर परिचित आहे आणि ती कुत्र्यांत ‘एर्लिकिया’ या जिवाणूचा आजार पसरविते. कुत्रा व मांजर एकाच घरात असतील, तर दोघांचेही अंग रोज हाताने चाचपून पाहावे. मांजर घरातच राहिले, तर गोचीड चिकटण्याचा आणि पुढे तिला मारण्याचा प्रसंगही कमी येतो. मुक्या जिवाला आपले दुखणे सांगता येत नाही. त्याच्या वतीने ते वेळेवर सांगणे, हे ज्यांच्या दारी ते वाढते त्यांचेच काम.