‘धामणगाव’ ह्या नांवाचीं अठ्ठावीस चिन्हें

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची वाट १८६७ सालीं नागपुरास पोहोंचली, तेव्हां बडनेऱ्यापासून पुलगांवाकडे रुळांच्या कडेनें तारेचे खांबहि उभे राहिले. त्या तारेवर ठिपका आणि रेघ ह्या दोनच खुणा चालत. रोमन अक्षरें त्यांत बसविलेलीं होतीं. आपली बाराखडी बसविलेली नव्हती. सबब मराठी माणसास निरोप धाडावयाचा तर तो इंग्रजींत, नाहीं तर रोमन अक्षरांत उतरवून द्यावा लागे. सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. परंतु अरुंद वाटेनें रुंद माल कसा न्यावा हा प्रश्न तिच्याबरोबर संपला नाहीं. संगणकांतून तो आजहि पदोपदीं सोडवावा लागतो, आणि आमच्या विद्यार्थ्यांनीं तो एकदां तरी स्वतःच्या हातानें सोडवावा असें आमचें आग्रहाचें मत आहे.

प्रश्न असा. संगणक सर्व कांहीं बाइटांत ठेवतो. एका बाइटांत आठ घरें. प्रत्येक घरांत शून्य किंवा एक. म्हणजे एका बाइटाचीं रूपें २५६. उलटपक्षीं, विद्युत्-टपालाचे जे नियम १९८२ सालीं ठरले, त्यांत सात घरांचींच अक्षरें नेण्याची हमी होती. सात घरांच्या त्या कोष्टकांत जागा १२८, आणि त्यांतील छापतां येण्याजोगीं चिन्हें, कोरी जागा धरून, ९५. चित्र, ध्वनि किंवा मराठी पत्र त्या वाटेनें सोडलें तर आठवें घर वाटेंतच कापलें जाण्याचें भय. ह्यावरील जो उपाय १९९२ सालापासून विद्युत्-टपालांत रूढ झाला, त्यास बेस-६४ म्हणतात. तीन बाइट घ्यावे. त्यांचीं चोवीस घरें होतात. तीं सहा-सहांच्या चार गटांत मोडावीं. प्रत्येक गटाची किंमत ० पासून ६३ पर्यंत येते. तितक्याव्या क्रमांकाचें चिन्ह कोष्टकांतून उचलून लिहावें. कोष्टकांत रोमन मोठीं अक्षरें सव्वीस, मग लहान सव्वीस, मग दहा अंक, आणि शेवटीं अधिकचिन्ह व तिरपी रेघ. आमच्या गांवचे लोक कापूस दाबून त्याच्या गाठी बांधतात, त्यांस ही बांधणी उफराटी वाटेल, कारण येथें माल आटत नाहीं, तिसऱ्या हिश्शानें वाढतो.

आतां ‘ध’ हें अक्षर घ्या. युनिकोडाच्या रूढ पद्धतींत त्याचे तीन बाइट होतात : २२४, १६४ आणि १६७. द्विमान पद्धतीनें मांडून सहा-सहांनीं तोडले म्हणजे १११०००, ००१०१०, ०१००१०, १००१११. किमती ५६, १०, १८, ३९. कोष्टकाप्रमाणें चिन्हें : चाराचा अंक, मोठा के, मोठा एस, लहान एन. देवनागरीचें प्रत्येक अक्षर, काना आणि मात्रासुद्धां, तीनच बाइटांचें असल्यामुळें प्रत्येकास बरोबर चार चिन्हें लागतात. ‘धामणगाव’ ह्या नांवांत काने धरून सात घटक आहेत; म्हणून चिन्हें अठ्ठावीस. (जुन्या वळणानें ‘गांव’ असा अनुस्वार दिलात तर बत्तीस.) पुढें ‘रेल्वे’ जोडलें कीं चिन्हें छप्पन्न होतात, आणि मधली कोरी जागा एकाच बाइटाची असल्यामुळें शेवटचा गट अपुरा पडून तेथें बरोबरीचीं दोन चिन्हें भरावीं लागतात. शेपटीस बरोबरीचें चिन्ह लागलेला असा निरर्थक मजकूर कोठें आढळला तर तो बहुधा ह्याच जातीचा समजावा.

कांहीं पालक आम्हांस विचारतात कीं हें सर्व करणारीं तयार साधनें असतां मुलांकडून सी भाषेंत पुन्हां कशास लिहवून घेतां? त्यांस आमच्या नववीच्या वर्गांत घडलेली गोष्ट सांगतों. एका विद्यार्थ्यानें हें रूपांतर सी भाषेंत लिहिलें. इंग्रजी शब्द घालून पाहिले. प्रत्येक उत्तर बिनचूक. वर्गानें टाळ्या दिल्या. मग आम्हीं त्यास गांवाचें नांव घालावयास सांगितलें. पडद्यावर जें उमटलें तें कोष्टकाबाहेरचें, कोणासहि न वाचतां येण्यासारखें.

दोष असा होता. सी भाषेंत ‘कॅर’ नांवाचें जें एका बाइटाचें भांडें आहे, त्यांतील संख्या केवळ धन मानावी कीं ऋणहि असूं शकते, हें त्या भाषेच्या प्रमाणग्रंथानें कंपायलर करणाऱ्यांवर सोपविलें आहे. आमच्या यंत्रावर ती ऋण होऊं शकते. इंग्रजी अक्षरें सर्व १२८ च्या आंत, म्हणून त्यांस बाधा नाहीं. देवनागरीचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा. २२४ चे झाले उणे ३२. दोन घरें उजवीकडे सरकवितांच उणे ८. आणि बिचारें यंत्र कोष्टकाच्या आरंभाच्याहि आठ जागा मागें जाऊन जें हातास लागलें तें घेऊन आलें. ‘अन्‌साइन्ड’ हा एक शब्द घातल्यावर सर्व सुरळीत झालें. हा शब्द शोधावयास त्या मुलास दोन तास लागले, व ते दोन तास आम्हांस वर्षाच्या कोणत्याहि परीक्षेहून मोलाचे वाटतात. जें साधन केवळ इंग्रजी शब्दांवर तपासलें गेलें, तें आपल्या भाषेपाशीं येऊन अडखळलें तर पुष्कळदां आपण आपल्याच भाषेस दोष देतों. हा मुलगा आतां तसें करणार नाहीं.

दुसरी एक गोष्ट पालकवर्गाच्या विशेष उपयोगाची आहे. हें रूपांतर म्हणजे गुप्त लिपि नव्हे. तिला किल्ली नाहीं. कोष्टक सर्व जगास ठाऊक आहे. एका विद्यार्थिनीचे वडील आपल्या दुकानाच्या हिशेबाची प्रणाली घेऊन आम्हांकडे आले होते. प्रवेशाचा परवलीचा शब्द आंत ‘सांकेतिक भाषेंत सुरक्षित’ ठेविला आहे, असें विकणाऱ्यानें त्यांस सांगितलें होतें. ती ओळ आम्हीं पाहिली. शेवटीं बरोबरीचीं दोन चिन्हें. असा शब्द पुन्हां उलगडतां येणार नाहीं अशाच रीतीनें ठेवावयाचा असतो. आम्हीं कांहीं न बोलतां ती ओळ त्यांच्या कन्येपुढें सरकविली. तिनें वहीच्या पाठीमागें कोष्टक मांडलें, सहा-सहांचे गट पाडले, आणि थोड्या वेळांत मूळ शब्द मोठ्यानें वाचून दाखविला. तो त्यांच्या बैलाचें नांव होता. ते गृहस्थ प्रथम हसले, मग गंभीर झाले, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती वहीच बरोबर घेऊन विक्रेत्याकडे गेले.