शाळेचे विशेषण

माणसाची ओळख नावाने पटते, शाळेची मात्र विशेषणाने. अनुदानित, विनाअनुदानित, स्वयंअर्थसहाय्यित! हे शेवटचे 2012 च्या कायद्याचे देणे. एका दमात म्हणून पाहा बरे. ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ 2009 साली गळाला, तेव्हा त्या एका शब्दाच्या जाण्याने कित्येक मास्तरांच्या घरी पगाराची आशा उगवली.

पण ही विशेषणे सांगतात ती पैसा कोणाचा एवढेच. जाब कोणी द्यायचा, याबद्दल मौन!

अमेरिकेत मिनेसोटा राज्याने 1991 साली निराळी वाट काढली. शाळा सरकारी पैशाची, फी नाही, कारभार मात्र स्वतंत्र मंडळाचा, आणि मध्ये लेखी करार. ते त्याला चार्टर म्हणतात. आपण सनद म्हणू. मुदत किती, मुलांना काय आले पाहिजे, हे आधी लिहायचे. नाही जमले, तर सनद पुन्हा मिळत नाही आणि शाळेला टाळे!

कल्पना झकास, यात शंका नाही. पण गडचिरोली जिल्ह्यात मार्कंड्याला, जिथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते, तिथे देवळांच्या सावलीत शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्याला मी ती सांगितली, तर तो म्हणाला, “भाऊ, टाळं लागलं तर पोरीनं कुठं जावं?”

त्यांच्या शाळेचा पट जेमतेम पंधरा. 2023 साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव मागवले गेले, तेव्हापासून त्याला धास्ती. कायद्यात पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची 3 किलोमीटरच्या आत हवी. पुण्यामुंबईला तीन किलोमीटर म्हणजे बसचे तिकीट. इथे पावसाळ्यात मध्ये नाला असतो.

मी त्याला शाळा व्यवस्थापन समितीचे सांगितले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने तीत तीनचतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया. अनुदानित खासगी शाळेत ती नुसता सल्ला देते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मात्र विकास आराखडा तिनेच करायचा. आपल्याकडची सनद म्हणावी ती हीच!

“मी आहे त्या समितीत,” तो म्हणाला. “सही घेतात दर वेळी. कागद कोणी वाचून दाखवत नाही.”

पुढची बैठक केव्हा, हे त्याला ठाऊक नव्हते. गुरुजींना विचारतो म्हणाला, आणि पिशवी उचलून घाट चढू लागला.