पालकांची शाळा

जून महिना जवळ आला की शहरात दोन प्रकारच्या जाहिराती दिसू लागतात. एक दप्तरांच्या नि छत्र्यांच्या, आणि दुसऱ्या पालकांसाठी भरणाऱ्या कार्यशाळांच्या. शाळांच्या फाटकांवर, गृहसंस्थांच्या सूचनाफलकांवर, मंगल कार्यालयांच्या दारांत या दुसऱ्या जातीचीच आता दाटी झाली आहे. मुलाची एकाग्रता कशी वाढवावी, त्याला अभ्यासाची गोडी कशी लावावी, हे दोन तासांत शिकवून देण्याचे आश्वासन त्यांत असते. शुल्क भरून, वही-लेखणी घेऊन आईबाप तेथे जातात. बहुधा आईच जाते. बाप गेलाच तर शेवटच्या रांगेत बसून मोबाईलवर कचेरीची कामे उरकीत असतो, आणि व्यासपीठावरून नेमकी त्याच वेळी मुलांच्या मोबाईल-वेडाविषयी गंभीर चिंता व्यक्त होत असते.

या प्रकाराची थट्टा करणे सोपे आहे. पण आमचा तो हेतू नाही. आपले मूल आपल्याला पुरते कळलेले नाही अशी मनाशी कबुली देऊन जे आईबाप घराबाहेर पडतात, त्यांच्याविषयी आम्हांस आदरच वाटतो. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांत आम्ही नाही. त्या वाड्यांतून मुलांना माया मिळे तशी धपाट्यांचीही चंगळ असे. तथापि मूल बोलत का नाही, रात्री दचकून का उठते, हे विचारायला नव्या आईला तेथे चार बायका तरी हाताशी असत. दोन खोल्यांच्या बंद दारामागे तिला कोणी नाही. ती कार्यशाळेचा रस्ता धरते यात नवल काय? प्रश्न आहे तो हा की, या शाळेत शिकविले काय जाते, आणि ती भरते कोणासाठी?

बालशिक्षणाचा आपल्याकडील इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांस गिजुभाई बधेका हे नाव सांगावयास नको. पण ते मूळचे शिक्षक नव्हते. ते वकील होते, आणि स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या काळजीतून ते माँटेसोरीच्या ग्रंथांकडे वळले, हे आपण विसरतो. १९२० साली भावनगरला त्यांनी जे बालमंदिर काढले, त्याच्या मुळाशी अशी एका बापाची अस्वस्थता होती. त्यांच्याबरोबर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, आणि पुढे १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. खेड्यातील नि पाड्यावरील मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आईबापांना दोष देत बसण्याऐवजी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणात शाळा भरली म्हणजे आई दारातून पाहते, आजोबा झाडाखाली बसून पाहतात. मूल कसे शिकते हे त्यांना व्याख्यानाविना समजते. आणि शिकविणाऱ्या बाईंनाही त्या घरात काय शिजते, कोण आजारी आहे, पोर कोणाला सांभाळीत बसते, हे कळून चुकते. घर आणि शाळा यांनी एकमेकांकडून शिकण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस तरी माहीत नाही.

आजच्या शहरी कार्यशाळेत ही देवघेव नाहीशी झाली आहे. तेथे एक बोलतो आणि दोनशे ऐकतात. त्यातून घरी जे येते ते बहुधा एक वेळापत्रक असते. साडेपाच ते सहा वाचन, सहा ते साडेसहा मेंदूला चालना देणारे खेळ, त्यानंतर शब्दसंग्रह. म्हणजे शाळेतून सुटून आलेले पोर घराच्या उंबरठ्यावर पुन्हा शाळेत दाखल होते, आणि आईची बढती होऊन ती वर्गशिक्षिका होते. आई ही एक जागा मुलाला अशी असते की जेथे त्याच्या चुकांखाली कोणी लाल रेघ मारीत नाही. ती जागाच आपण मोडून टाकणार असू, तर असल्या मार्गदर्शनावाचून मुलांचे काही अडणार नाही.

घराला देता येते ते वेगळेच. चार-पाच वर्षांच्या मुलाचे 'का' संपत नाहीत. त्यांतल्या निम्म्यांना तरी घरात कोणी उत्तर द्यावे, आणि उरलेल्यांना 'मलाही ठाऊक नाही, आपण पाहू' असे म्हणावे. भाजी निवडताना शेंगा मोजाव्यात, रात्री एक गोष्ट सांगावी, आणि ती घरच्या भाषेत सांगावी. हे शेवटचे मुद्दाम लिहीत आहोत. इंग्रजी शाळेच्या दडपणाने मराठी आईबाप मुलाशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलू लागतात, आणि त्यापायी घरातील संभाषण 'कम', 'सिट', 'ईट' एवढ्यावर येऊन ठेपते. पाचवीपर्यंत, शक्य तेथे, घरची भाषा हेच शिक्षणाचे माध्यम असावे असे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिले आहे. धोरण शाळेत पोचेल तेव्हा पोचो; स्वयंपाकघरात मराठी बोलावयास कोणाच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. मोबाईलविषयीही कार्यशाळांत तासन्‌तास बोलले जाते. दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर दिवसाकाठी एक तासाहून अधिक वेळ बसू देऊ नये, आणि त्याहून लहानांना शक्यतो बसवूच नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालीच सांगितले आहे. प्रौढांसाठी त्या संघटनेने असा आकडा काढलेला नाही. निघेल तेव्हा आमच्यासकट अनेकांची पंचाईत होईल.

आता ही शाळा भरते कोणासाठी, ते पाहू. आम्ही स्वतः काही वर्षे फळ्यापुढे उभे राहिलो आहोत, आणि पालकसभाही पुष्कळ घेतल्या आहेत. अशाच एका सभेला एक गवंडी आला होता. दुपारची सभा, म्हणजे त्याचा अर्ध्या दिवसाचा खाडा. त्याचा मुलगा भूमितीत कच्चा आहे, घरी कोणी लक्ष देत नाही काय, असे आम्ही त्याला चारचौघांत विचारले. तो मान खाली घालून 'आम्ही अडाणी माणसं, गुरुजी' एवढेच म्हणाला. पुढे काही दिवसांनी एका घराच्या पायाचे काम चालले होते तेथून जाताना तोच गृहस्थ दिसला. रविवार होता. जमिनीवर दोरी ताणून एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजून, मधला कर्ण बरोबर पाच भरतो की नाही हे तो पाहत होता, आणि दोरीचे दुसरे टोक त्याच मुलाच्या हातात होते. कोपरा काटकोनात बसला हे त्या पोराने आमच्याआधी सांगितले. वर्गात जो सिद्धांत शिकविण्यात आम्ही महिना घालविला होता, तो बाप रोज बोटांनी सिद्ध करीत होता. आणि सभेत आम्ही त्याला एक प्रश्न विचारला होता, तो देखील त्याला खाली पाहावयास लावणारा. त्यानंतरच्या सभेला तो आला नाही.

ही चूक आमच्यापुरती नव्हती. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गातही किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील बालकांसाठी ठेविल्या आहेत. पालकांशी नियमित भेटून मुलाची हजेरी, आकलन व प्रगती त्यांना सांगणे हे त्याच कायद्याच्या २४ व्या कलमाने शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. म्हणजे सोसायटीच्या पहारेकऱ्याचा मुलगा आणि त्याच सोसायटीतील अभियंत्याचा मुलगा आज एका बाकावर बसू शकतात. पण कार्यशाळेचे निमंत्रण इंग्रजीत, वेळ कामाच्या दिवशी सकाळी अकराची, आणि वर शुल्क! पहारेकऱ्याने यावे कसे? आणि आला तर बोलावे कोणत्या भाषेत? मग 'या वर्गाला मुलांच्या शिक्षणाची आस्थाच नाही' असा शेरा मारावयास आपण मोकळे.

सरकारी कामाची स्तुती करण्याचे प्रसंग आमच्यावर फारसे येत नाहीत. म्हणून आलेला दवडू नये. पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठी राज्यात २०२२ साली शाळापूर्व तयारीचे जे अभियान झाले, त्यात गावोगाव मातांचे गट करण्यात आले. शेजारपाजारच्या आयांनी एकत्र बसावे, घरात सापडणाऱ्या वस्तूंतून मुलाला खेळवावे, कोणाला काय साधले ते एकमेकींना सांगावे, एवढीच त्यातील कल्पना. ती सगळीकडे सारखीच फळली असेल असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्या बाईने स्वतः शाळा अर्ध्यावर सोडली तिलाही मुलाला देण्याजोगे काही आहे, हे गृहीत धरून ती आखलेली होती. हजारो रुपये घेणाऱ्या शहरी कार्यशाळेला हे गृहीत धरता येऊ नये काय? त्या गटांतही एक उणीव राहिलीच: ते मातांचे होते. पित्यांचे गट काढावे असे अद्याप कोणाला सुचलेले दिसत नाही.

शहरातील शाळाचालकांना आमची विनंती अशी आहे. यंदाची पहिली पालकसभा रविवारी अथवा सायंकाळी सातनंतर घ्यावी. तीस-चाळीस पालकांहून मोठी घेऊ नये. ती विनाशुल्क असावी आणि मराठीत चालावी, ज्यांस मराठी येत नाही त्यांच्याशी हिंदीत बोलावे. निमंत्रण आईच्या नावे जाते तसे वडिलांच्याही नावे स्वतंत्र जावे. पहिला तासभर शिक्षकांनी केवळ ऐकावे: मूल घरी काय करते, कशात रमते, कशाला भिते, आईबाप कोणते काम करतात आणि त्यातले मुलाला काय येते. बाहेरच्या वक्त्याला त्यानंतर अवश्य बोलवावे. आणि ज्या कचेऱ्यांचे, दुकानांचे, बांधकामांचे मालक हा अग्रलेख वाचीत असतील, त्यांनी आपल्याकडील माणसाने पालकसभेसाठी दोन तास मागितले तर त्या दिवशी त्याचा खाडा मांडू नये.