पांढरीच का?

"माझ्या तेराव्यालाही हीच आणा गं, तेवढाच खर्च वाचेल."

गेल्या महिन्यात आत्याची पंचाहत्तरी झाली. आम्ही भाचरांनी दिलेला पुष्पगुच्छ हातात घेऊन आत्या हे बोलली. हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं. मी हसले. ती पण हसली. मग पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळणं झालं, वह्यांची तुला झाली, मठ्ठा-जिलबीचं जेवण झालं आणि सगळे आपापल्या घरी गेले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, कारण तो गुच्छ निवडायला मी स्वतः गेले होते.

नेहमी इथे प्रवासवर्णनं नाहीतर आमटीच्या फोडणीबद्दल वाचायला येणाऱ्यांनी आज माफ करावं. आज भांडायचं आहे. नातेवाईकांपैकीही बरेच जण हे पान वाचतात हे मला माहीत आहे (कॉमेंट टाकत नाहीत, पण लग्नाकार्यात भेटले की बरोब्बर वाक्यं सुनावतात). तर मंडळी, हे तुम्हालाही उद्देशून आहे. आत्याला विचारून लिहितेय. ती म्हणाली, "लिही खुशाल, नाव तेवढं घालू नकोस."

त्या दुकानात काउंटरच्या मागे एक लॅमिनेट केलेला तक्ता होता. लाल म्हणजे प्रेम, पिवळा म्हणजे मैत्री, गुलाबी म्हणजे कृतज्ञता, केशरी म्हणजे उत्साह, पांढरा म्हणजे शांती आणि आदर. खाली एक टीप : कुठल्या समारंभाला कुठला रंग. मुलाने विचारलं, "ऑकेजन काय आहे ताई?" मी म्हटलं, पंचाहत्तरी. त्याने तक्त्याकडे पाहिलं. वहिनी माझ्याबरोबर होत्या, त्या म्हणाल्या, "पांढरंच काहीतरी दाखव. सोबर. आईंना शोभेल असं." पांढऱ्या लिली, पांढरी जर्बेरा, पांढरी शेवंती, वरून पांढरी जाळी आणि पांढरी रिबन. छान दिसत होता हो गुच्छ, नाही म्हणत नाही. मीच वर म्हटलं, "एलिगंट वाटतंय."

आता या तक्त्याची गंमत बघा. आमच्या कॉलेजात नव्वदच्या दशकात रोझ डे जोरात असायचा. लाल द्यायची हिंमत नसलेली मुलं पिवळा द्यायची. पिवळा म्हणजे मैत्री, म्हणजे नकार आला तरी अब्रू शाबूत! आम्हा सगळ्यांना वाटायचं की हा अर्थ फार जुना, जगन्मान्य वगैरे आहे. पुढे कधीतरी इंग्लंडमधल्या केट ग्रीनअवेचं १८८४ सालचं फुलांच्या भाषेवरचं छोटं पुस्तक चाळायला मिळालं. त्यात पिवळ्या गुलाबाचा अर्थ काय दिलाय? प्रेम ओसरणं आणि मत्सर! म्हणजे आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांनी अर्ध्या मुलींना मत्सर वाटला म्हणायचा. त्या काळी अशी पुस्तकं युरोपात ढिगाने निघाली, आणि एकीचा अर्थ दुसरीला पटेल तर शपथ. बरं, आज दुकानात दिसतात तशा भडक पिवळ्या नि केशरी गुलाबांचा बराचसा वंश सुरू होतो तो ल्योंच्या पेर्ने-दुशेने १९०० साली बाजारात आणलेल्या एका गुलाबापासून. म्हणजे ज्या केशरी गुलाबाचा 'परंपरेने' उत्साह असा अर्थ आहे, त्याच्या खानदानाचं वय जेमतेम सव्वाशे वर्षं.

आपल्याकडेही परंपरा अशाच बनतात. नवरात्राचे नऊ रंग आठवा. या शतकाच्या सुरुवातीला एका मराठी वर्तमानपत्राने ते लोकप्रिय केले आणि आज ऑफिसातल्या पोरी अमुक दिवशी राखाडी साडी नेसली नाही तर देवी कोपेल अशा धास्तीत असतात. नेसा हो, मजा येते, मी पण नेसते. पण त्याला शास्त्र म्हणू नका.

तक्ता कुणाच्या सोयीचा आहे तेही बघावं. मावळात तळेगावच्या बाजूला पॉलिहाउसं आहेत. तिथे व्हॅलेंटाइनचा लाल गुलाब नेमका जानेवारीच्या अखेरीला तयार व्हावा म्हणून डिसेंबरातच झाडांची तयारी करतात. शेतकऱ्याचं हे कौशल्य आहे, त्याला माझा सलाम. पण चौदा फेब्रुवारी संपली की उरलेले रंग वर्षभर कुणाच्या तरी गळ्यात मारायला काहीतरी अर्थ हवाच ना? मग मैत्री, कृतज्ञता, उत्साह... हा माझा आपला संशय. चुकत असेन तर जाणकारांनी कान धरावा.

तुम्ही म्हणाल, अगं, मग संकेत पाळायचेच नाहीत का? पाळायचे की. पण ते घेणाऱ्यालाही माहीत असले तर. फ्रान्समध्ये शेवंती कबरीवर वाहतात, तिथे कुणाकडे जेवायला जाताना शेवंती नेऊ नये. रशियात सम संख्येतली फुलं मयताला, तिथे वाढदिवसाला डझनभर गुलाब नेऊ नयेत. घेणाऱ्याच्या मनात तो अर्थ पक्का असतो, म्हणून. आपल्याकडे तर नुसत्या रंगाने फारसं कळतही नाही. दसऱ्याला दाराला, गाडीला, वह्या-पुस्तकांना झेंडू, आणि अंत्ययात्रेतल्या हारातही झेंडूच. रंग तोच. तोरण आहे की तिरडीवरचा हार, यावरून काय ते समजतं.

आणि मराठीत रंग कुठून येतात? आजीच्या तोंडी लाल-पिवळा-निळा एवढंच कधी नसायचं. गुलबक्षी साडी, अबोली ब्लाऊज, केवडा रंगाचं खणाचं कापड. आधी फूल, मग त्याच्या नावाचा रंग. गुलबक्षीचा 'अर्थ' काय असं आजीला विचारलं असतं तर तिने माझं कपाळ तापलंय का ते पाहिलं असतं. गुलबक्षी म्हणजे संध्याकाळी कुंपणाला फुलते ती. ज्या मुलीला तो रंग खुलून दिसतो तिला तो द्यायचा, संपलं.

पण इथेच मला माझ्या आजीशीही भांडायचं आहे. कारण आपल्याकडे तक्ता नव्हता असं नाही. होता. लॅमिनेट केलेला नव्हता एवढंच.

आत्याचे यजमान १९८४ साली गेले. ती चौतीस वर्षांची होती, मी नऊ. राजापूरजवळच्या तिच्या घरी मी दर मे महिन्यात जायची. मागच्या पडवीच्या कडेला अबोलीची रांग होती. अबोलीच्या वाळलेल्या शेंगा तुम्ही कधी पाण्यात टाकल्यात? तडतड फुटतात आणि बिया चहूकडे उडतात. दुपारभर आम्हा पोरांचा तोच उद्योग. त्या रांगेला रोज पाणी घालायची आत्या, संध्याकाळी फुलं खुडायची आत्या, आणि केळीच्या खोडाच्या दोऱ्यात गजरे गुंफायची तीही आत्याच. एवढे घट्ट आणि एकसारखे गजरे मी नंतर कुठे पाहिले नाहीत. अबोलीला वास नाही. तिच्याकडे रंग आहे आणि टिकाऊपणा आहे. दुसऱ्या दिवशीही ती तशीच दिसते, म्हणून गजऱ्याला बरी. आत्या गुंफायची आणि माझ्या, माझ्या आईच्या, शेजारच्या काकूंच्या केसांत माळायची. स्वतःच्या नाही. चैत्रात हळदीकुंकवाला वाटायचे गजरे तीच करून द्यायची आणि हळदीकुंकू चालू असताना आत कैरीची डाळ ढवळत बसायची. ती बाहेर का येत नाही असं मी एकदाच विचारलं. आईने डोळे वटारले. पुन्हा विचारलं नाही. मला कळत नव्हतं असं नाही, नऊ वर्षांच्या मुलीला सगळं कळतं.

एक प्रथा तुम्हालाही ठाऊक आहे, फक्त आपण ती मोठ्याने बोलत नाही. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला हिरवी साडी नेसवतात, कुंकू लावतात, केसांत गजरा माळतात. 'अहेव गेली, भाग्याची' म्हणतात. म्हणजे मेलेल्या सवाष्णीला गजरा चालतो आणि पडवीत बसून तो गुंफणाऱ्या चौतिशीच्या जिवंत बाईला चालत नाही. ही आमची फुलांची भाषा!

असो. चिडून उपयोग नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बायकोच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र नि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. एका खेड्याने हे लेखी करून दाखवलं. आणि आम्ही कोथरूडची शिकलेली, परदेशवाऱ्या केलेली मंडळी दुकानात उभं राहून म्हणतो : सोबर.

वहिनी, रागावू नका. तुमच्या मनात तसं काही नव्हतं, मला माहीत आहे. माझ्याही नव्हतं. आपण तक्ता वाचला. शांती, आदर. पण आत्याला तो तक्ता माहीतच नाही. पांढऱ्याचा तिला एकच अर्थ माहीत आहे आणि तो गेली चाळीस वर्षं तिला सगळ्यांनी मिळून शिकवलाय. फिकट साड्या, पांढरी शाल, आणि आता गुच्छही पांढरा. आपण 'आदर' दिला, तिला तेरावा दिसला. म्हणूनच समारंभ कुठला आणि त्याला रंग कुठला, हा प्रश्नच मला मुळात खोटा वाटतो. पंचाहत्तरीला काही डोळे नसतात. डोळे आत्याला आहेत. प्रश्न एवढाच की तिला काय बघायला आवडतं, आणि तो आपल्यापैकी एकानेही तिला विचारला नाही.

"पण त्यांनाच आता भडक आवडत नाही," असं आतेभाऊ फोनवर म्हणाला. असेल. काही बायकांना खरंच पांढरं आवडतं. माझ्या सासूबाई मोगऱ्यासाठी जीव टाकतात, त्यांना रंगीत काही दिलं तर नाक मुरडतील. त्यांना मी मोगराच नेते. पण आवडत नाही आणि चालत नाही यातला फरक दुरून दिसत नाही. चाळीस वर्षं चालत नसलेली गोष्ट 'नकोच गं मला' अशीच बाहेर येते. आणि अशा 'नकोच'वर आपण किती पटकन विश्वास ठेवतो! दुसरी साडी नको, सहल नको, फूल नको. आपलं काम सोपं होतं ना.

दुसरा आक्षेप मावशीचा : लोक काय म्हणतील? त्या हॉलमध्ये साठ माणसं होती. त्यातल्या कुणी आत्याच्या हातात केशरी गुच्छ बघून जेवण सोडलं असतं असं मला वाटत नाही. जिलबी गरम होती.

समारंभानंतर चार दिवसांनी मी मंडईत गेले. अबोली मिळाली, पण महाग आणि दोरा सैल. फूलवाल्या मावशींनी केळीच्या पानात बांधून दिली. आत्याकडे गेले तेव्हा गुच्छ टीव्हीशेजारी माना टाकून उभा होता, जाळी-रिबनसकट. मी पान तिच्या हातात दिलं. तिने उघडलं, सवयीने नाकाशी नेलं, मग स्वतःशीच म्हणाली, "हिला कुठला वास." आणि लगेच दोरा तपासायला लागली. "केवढ्याला दिली? ऐंशी? फसवलंन् तुला. हे गुंफणं आहे?"

मग म्हणाली, "केस तरी कुठे राहिलेत माळायला."

मी काही बोलले नाही. ती उठली, खोलीचं दार लोटून घेतलं, कडी लावली, आणि माझ्याकडे पाठ करून पलंगावर बसली.

वहिनी, त्या दिवशी तुम्ही चहाला दोनदा हाक मारलीत आणि आम्हाला बाहेर यायला उशीर झाला, तो यामुळे. आरशासमोर जरा वेळ गेला. बाहेर येण्याआधी तिने गजरा काढून पानात गुंडाळला आणि उशीमागे ठेवला. अबोली आहे, दोन दिवस टिकते.